अंगणातील सदाफुली आणि छातीतील रोग

(संस्थेच्या वार्षिक समारंभात राळेगाव येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयी आणि त्यावर औषध देणाऱ्या काही झाडांविषयी बोलणार आहे. विषय डॉक्टरांचा आहे, मग तो शाळेच्या समारंभात कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

मी बी.एस्सी.ला असताना माझ्या मामूंना खोकला लागला. विडीची सवय जुनी. तपासणीत छातीत गाठ निघाली आणि मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले गेले. त्याच सुमारास मी पुस्तकात वाचले होते की, सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध निघते. ते मी मोठ्या ऐटीत घरी सांगितले. झाले! मामूंनी दवाखाना पुढे ढकलला आणि दोन्ही वेळा सदाफुलीच्या पानांचा काढा सुरू केला. पाने मीच खुडून आणीत असे. असे साडेतीन महिने गेले. शेवटी दवाखान्यात नेले, तेव्हा रोग पसरला होता. मामू गेले. वेळेवर नेले असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही; तो हिशेब अल्लाहच्या हाती. पण ते साडेतीन महिने माझ्या अर्धवट माहितीने घालवले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मी वाचले होते ते खोटे नव्हते. मग चुकले कोठे? तेच आपण पाहू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी जन्मतात, काम करतात आणि वेळ झाली की स्वतःहून मरतात. आईच्या पोटात बाळाचा हात प्रथम वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पानांचे गळणे. आपल्याकडच्या सागाची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, तेव्हा झाड मरत नाही. उलट त्या गळण्यामुळेच ते तगते. शरीराचेही तसेच आहे.

पेशीत बिघाड झाला की काही प्रथिने तो ओळखतात. त्यांतले एक पी-५३. बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर ते पेशीला मरणाचा हुकूम देते. मग पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या सूक्ष्म कणांतून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांतून, एक द्रव्य बाहेर पडते आणि ‘कॅस्पेज’ नावाची विकरे जागी होतात. कात्रीने कापड कापावे तशी ती पेशीचा आतला भाग कापून काढतात. उरलेले तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात.

कर्करोगाची पेशी म्हणजे हा हुकूम न मानणारी पेशी. विडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्ये फुफ्फुसाच्या पेशीतील ज्या जनुकांना इजा करतात, त्यांत पी-५३चे जनुकही आहे. हुकूम देणाराच जायबंदी झाला, म्हणजे बिघडलेली पेशी मरत नाही, वाढतच जाते.

आता झाडांकडे वळू. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञांकडे जमैकाहून सदाफुलीची पाने आली. तिकडे लोक ती मधुमेहावर घेत, आपल्याकडेही घेतात. प्रयोगात साखर काही उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यावरून नोबल व चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे द्रव्य पुढे आणले. पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. फुफ्फुसाच्या कर्करोगात वापरतात ते व्हिनोरेल्बिन मात्र पानातून जसेच्या तसे निघत नाही. सदाफुलीतील द्रव्यांवर प्रयोगशाळेत फेरफार करून ते बनवितात.

ही औषधे काय करतात? पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढण्यासाठी बारीक तंतूंची एक चाती तयार होते. सदाफुलीची द्रव्ये ती बनूच देत नाहीत. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मग तिच्यातला तोच मरणाचा मार्ग सुरू होतो. यू नावाच्या झाडाच्या सालीतील टॅक्सॉल उलट करते. ते तंतू इतके घट्ट करते की ते सुटतच नाहीत. फळ मात्र तेच. हिमालयातील वनककडीच्या जातीच्या वनस्पतींतील द्रव्यापासून केलेले इटोपोसाइड आणि कॅम्प्टोथेसिनपासून केलेले टोपोटेकॅन यांचा मार्ग वेगळा. डीएनए हा पिळाचा दोरा आहे. त्याचा पीळ सोडविणारी विकरे ही औषधे अडवितात. दोरा तुटतो आणि पेशी मरते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ‘लहान पेशी’ प्रकारात ही दोन्ही औषधे दिली जातात.

यांपैकी टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन शोधणाऱ्या जोडीतील एक नाव आपल्या महाराष्ट्राचे आहे. डॉ. मनसुख वाणी १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिनची आणि १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. २०२० मध्ये ते वारले. कॅम्प्टोथेसिन त्यांना एका चिनी झाडात मिळाले होते. पुढे तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही सापडले, आणि लोभापायी त्या झाडांवर बेसुमार कुऱ्हाड चालली.

तर मित्रांनो, झाडात औषध आहे हे खरे. पण पान म्हणजे औषध नव्हे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते शिरेतून द्यावे लागते. पोटातून नीट शोषले जात नाही. मात्रा रुग्णाच्या शरीराच्या मापाने मोजावी लागते, कारण तेच द्रव्य निरोगी पेशींनाही मारते आणि मज्जातंतूंना इजा करते. काढ्यात किती द्रव्य उतरले, हे कोण मोजणार? मामूंच्या पेल्यात औषधाला पुरेल एवढे काहीच नव्हते; वेळ मात्र पुरेपूर गेला.

वर्तमानपत्रात आपण वाचतो की, हळदीतील कुर्क्युमिनने किंवा अमक्या पाल्याच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मारल्या. बातमी खोटी नसते, पण त्या पेशी काचेच्या बशीतल्या असतात. बशीत अर्क थेट पेशीवर पडतो. शरीरात त्याला आतडे आणि यकृत ओलांडून छातीतील गाठीपर्यंत पोहोचायचे असते. खाल्लेल्या हळदीतले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. भाजीत हळद अवश्य घाला. तिच्या भरवशावर गाठ घरी ठेवू नका.

हा विचार परका आहे असे समजू नका. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सिना यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. त्यांत एक नियम असा की, परीक्षा माणसाच्याच शरीरावर व्हावी, कारण जनावरावर जे लागू पडते ते माणसावर पडेलच असे नाही. रोगाबरोबर त्याचा इलाजही निर्माण झाला आहे, ही आपली श्रद्धा. पण इलाज शोधायचा आणि पारखायचा, ही मेहनत माणसावर सोपविलेली आहे.

पालकांनो, आता कामाच्या गोष्टी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्या. फुफ्फुसाचा कर्करोग पुष्कळदा क्षयासारखा दिसतो. म्हणून क्षयाचे औषध चालू असूनही उतार नसेल तर पुन्हा तपासणी मागा. थुंकीत रक्त, आवाज बसणे, वजन उतरणे, छातीत सततचे दुखणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे रुग्णालय आहे, नागपूरला कर्करोगाची रुग्णालये आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; पैशाच्या भीतीने घरी बसण्यापूर्वी तिची चौकशी करा. काढा घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. तो औषधाच्या आड येऊ शकतो.

आणि विडी सोडा. सोडल्यावर सुमारे दहा वर्षांत या कर्करोगाने मरण्याचा धोका, ती ओढतच राहणाऱ्याच्या मानाने, जवळपास निम्म्यावर येतो. अशी खात्री मी कोणत्याही काढ्याची देऊ शकत नाही. पोरांनो, खर्रा विडीहून बरा असे कुणी म्हटले तर ऐकू नका. तो तोंडाचा कर्करोग करतो. आणि पऱ्हाट्यांच्या धुरात बसून भाकरी करणाऱ्या अम्मीचाही विचार करा. तो धूरही छातीला चांगला नाही. चुलीपाशी धुराला वाट करून द्या, जमेल तेव्हा गॅस वापरा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरात जे वाचून सांगता, त्यावर घरचे लोक विश्वास ठेवतात. माझ्यावर माझ्या मामूंनी ठेवला होता. म्हणून अर्धे वाचून पूर्ण सांगू नका. रसायनशास्त्र शिका, जीवशास्त्र शिका, मुलींनीही शिका. नंदुरबारचा मुलगा हे करू शकला, तर राळेगावच्या मुला-मुलींना कोण अडविणार? आज आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीचे औषध दुसऱ्यांनी शोधले. पुढचे तुमच्यापैकी कुणी शोधावे, अशी मी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.