आपल्या मुलांना कोणत्या शाळेत, कोणत्या शाखेत घालायचे?
(होटगी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘शिका’ हा संदेश आपल्या घराघरांत पोहोचला आहे. मूल शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न आता आपल्या वस्तीत राहिलेला नाही. आजचा प्रश्न आहे तो कोणत्या शाळेत आणि कोणत्या शाखेत घालावे, हा. हा निर्णय आपण पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहून किंवा एखादा फलक वाचून घेतो. बैल घेताना दहा वेळा दात पाहणारे आपण, मुलाची शाळा मात्र न पाहताच ठरवतो.

सुभेदार रामजींनी काय केले ते पाहा. तुटपुंज्या पेन्शनीवर संसार चालवणारा हा बाप मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला आला. परळच्या चाळीत एका खोलीत राहिला. भीमरावांना प्रथम मराठा हायस्कूलमध्ये घातले आणि पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, कारण ती शाळा नावाजलेली होती. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने ४० टक्केसुद्धा नाहीत! तेच बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पालकहो, दहावीच्या टक्केवारीवरून पोराची किंमत ठरवू नका.

याच शाळेत त्यांची संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. तेव्हा विषयाचे दार दुसऱ्यांनी बंद केले. आज ते कायद्याने उघडे आहे, पण माहितीच्या अभावी आपणच ते आपल्या मुलांवर लावून घेतो. आजच्या भाषणात मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे.

आपल्या होटगी जंक्शनवरून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजयपूर-गदगकडे. गाडीत बसण्यापूर्वी ती कुठे जाणार हे आपण विचारतो. दहावी हे असेच जंक्शन आहे. अकरावीला गणित सोडले की अभियांत्रिकीचा रस्ता बहुतेक बंद होतो. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचा अवघड होतो. विज्ञानाचा विद्यार्थी पुढे कला किंवा वाणिज्यकडे वळू शकतो, पण कला शाखेतून बारावी झालेल्याला डॉक्टरकीकडे थेट येता येत नाही. म्हणून ज्याला विज्ञानाची गोडी आहे, पण पुढचे नक्की ठरलेले नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे.

याचा अर्थ प्रत्येकाला विज्ञानातच ढकला, असा नाही. कोणत्याही शाखेची बारावी झालेल्याला पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येते. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ज्याचा हात यंत्रावर चांगला चालतो, त्याने दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करावी. तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ही वाट आपल्यातल्या अनेकांना ठाऊकच नसते.

आता शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय निवडताना काय विचारावे? गणित, विज्ञान आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का, की जागा रिकाम्या आहेत? प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? फलकावर पहिल्या तिघांचे फोटो असतात. वर्गातल्या शेवटच्या तीस मुलांचे काय झाले? फी किती, आणि फीशिवाय आणखी किती? शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालय वेळेवर पुढे पाठवते का? हे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. ज्या आईने शाळेचे तोंड पाहिले नाही, तीही हे विचारू शकते, आणि तिने विचारलेच पाहिजे.

संधींचीही नोंद घ्या. पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते. आपल्या जिल्ह्याचे नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना मुलाला एकटे सोडू नका. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

आणि जातीचा दाखला व जात पडताळणी यांत हयगय नको. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला आत्ताच शोधायला लागा. प्रवेशाच्या आठवड्यात ट्रंका उपसून कागद सापडत नसतो.

मुलींबद्दल दोन शब्द. “पोरीला कशाला एवढ्या लांब?” म्हणून हुशार मुलीला जवळ जी शाखा असेल तीत बसवले जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. वाटेची काळजी वाटत असेल तर चार मुलींनी मिळून जावे, पालकांनी पाळीपाळीने सोडावे. अंतरापायी मुलीचा विषय बदलू नका.

बंधू-भगिनींनो, बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या राहण्या-जेवण्याचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा भार उचलला. सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना ४० रुपये अनुदान दिले. त्या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली. तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी मुलांच्या निवाऱ्याची सोय केली. आज आपण निदान त्यांच्या माहितीची सोय करू या. आपल्यातल्या ज्यांनी बारावी, पदविका किंवा पदवी केली आहे, त्यांनी प्रत्येकी दोन घरे वाटून घ्यावीत आणि मे-जूनमध्ये त्या घरांतल्या मुलांसोबत अर्ज भरायला बसावे. त्याला वर्गणी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. मित्र गेला म्हणून त्याच्या मागे जाऊ नका. आपल्याला कोणता विषय समजतो, कोणत्या विषयाचे पुस्तक कोणी न सांगता उघडावेसे वाटते, ते स्वतःला विचारा आणि घरी धीटपणे सांगा. पालकहो, ते सांगतील तेव्हा रागावू नका, शांतपणे ऐकून घ्या.



जयभीम! जय भारत!