युद्धकाळातले आमचे मॅट्रिक
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आपण वर्षभरात निवर्तलेल्या सभासदांची नावे वाचतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की एका संपूर्ण पिढीविषयी बोलायचे. १९३९ ते १९४५ या महायुद्धाच्या वर्षांत आपल्या घरांतली जी मुले, आणि ज्या थोड्या मुली, हायस्कूल पार करून बाहेर पडल्या, त्यांच्याविषयी. १९४५ साली सोळा वर्षांचा असलेला मुलगा आज शंभरीकडे झुकला असता. ही माणसे आता बहुतेक आपल्या भिंतीवर आहेत आणि त्यांचे कागद माळ्यावरच्या ट्रंकेत.

त्या ट्रंका उघडा, एवढीच आमची विनंती आहे. ती का, ते सांगतो.

त्या काळी बालाघाट हा मध्यप्रांत व वऱ्हाडचा जिल्हा. राजधानी नागपूर, मॅट्रिकचे बोर्ड नागपूरचे, विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालेले नागपूरचेच. सागर विद्यापीठ निघाले ते १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. ज्याला पुढे शिकायचे त्याने गोंदियाची छोटी गाडी पकडायची, तिथे गाडी बदलायची आणि मॉरिस नाहीतर हिस्लॉप कॉलेज गाठायचे. जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेजही होते, पण आपल्या बहुतेकांचे नातेगोते नागपूर-भंडाऱ्याकडे, तेव्हा राहण्याजेवण्याची सोय तिकडेच व्हायची.

शाळेत असतानाच त्यांच्यासमोर एकेक गोष्ट घडत गेली. नोव्हेंबर १९३९ मध्ये पंडित रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली. घासलेट मिळेना, वह्यांना कागद मिळेना, कापडावर कंट्रोल आला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्याच प्रांतात, चांदा जिल्ह्यात चिमूर आणि वर्धा जिल्ह्यात आष्टी पेटले. ९ सप्टेंबरला खानदेशात नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळीबारात पडले. शिरीषकुमार हायस्कूलचा विद्यार्थी होता, वय पंधरा. त्याला मॅट्रिकला बसताच आले नाही. आपल्या घरची जी मुले त्या वर्षी परीक्षेला बसली, ती त्याच्याच वयाची.

या मुलाचा पुढचा हिशेब मांडून पाहा. १९४२ साली सोळाचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा एकविसाचा. १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा पंचविशीत, आणि घर मालगुजाराचे असेल तर ज्या शेतीवाडीवर वाढला तिचा बराच भाग गेलेला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तिशीत. त्या दिवशी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आमच्या माणसाने घर बदलले नाही, शेत बदलले नाही, नोकरीसुद्धा बदलली नाही. त्याचे कॉलेज, त्याचे बोर्ड आणि बहिणीचे सासर मात्र परराज्यात गेले.

हे आज का सांगतो? मराठीच्या शिकवणीचा किंवा मराठी शिक्षकाचा अर्ज घेऊन आपण एखाद्या कार्यालयात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आप लोग महाराष्ट्र से कब आए?" संविधानाच्या कलम ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करायची आहे. हे कलम १९५६ सालीच, राज्यपुनर्रचनेच्या बरोबरीने आले, कारण सीमा कुठेही आखली तरी कोणीतरी पलीकडे राहणार हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा "कब आए" या प्रश्नाला भाषणाने उत्तर देऊ नये. आजोबांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट टेबलावर ठेवावे. लांजीवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता हे आपण पुष्कळ सांगतो, पण ते ऐकणाऱ्याला लांबचे वाटते. १९४३ चा बोर्डाचा शिक्का असलेला कागद लांबचा वाटत नाही.

आता यादीत कोण, यावर थोडे परखड बोलले पाहिजे. आजवर आपल्या स्मरणिकांत छापली गेली ती तुरुंगात गेलेल्यांची नावे, ज्यांना १९७२ साली ताम्रपट मिळाले त्यांची. त्यांचा मान मोठाच आहे. पण त्याच वर्गातला दुसरा मुलगा फौजेत भरती झाला असेल, तिसरा सप्लाय ऑफिसात रेशनकार्डे लिहीत बसला असेल, चौथा भरवेलीच्या मँगनीज खाणीत, तेव्हाच्या इंग्रजी कंपनीत, हजेरी मांडत असेल. इंग्रजांची चाकरी म्हणून घरच्यांनीच पुढे ते दबक्या आवाजात सांगितले. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. घरी चार लहान भावंडे असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने पगार आणला, यात लपवण्यासारखे काय आहे?

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, आज तिचे केंद्र आपल्याच राज्यात सागरला आहे. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, आणि तेव्हा नागपूर आपली राजधानी होती. मंडळाच्या जुन्या वह्यांत ब्राह्मण आणि मालगुजार घराण्यांचीच नावे जास्त दिसतात, याचे कारण शाळा कोणाला मिळाली यात आहे. वाराशिवनीच्या कोष्टी घरांतला, महार घरांतला, कुणबी घरांतला त्या वर्षांतला एकेक मॅट्रिक शोधून काढावा लागेल. तिथे एका मुलाच्या फीमागे किती जणांची मजुरी होती, तेही विचारून लिहावे.

मुलींचे काम सर्वांत अवघड. सर्टिफिकेटवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि घरात सगळे म्हणणार आजी. नागपूर-भंडाऱ्याकडून मॅट्रिक होऊन बालाघाटात सून म्हणून आलेल्या कितीतरी जणींचे शिक्षण नातवंडांना माहीतच नाही. आधी माहेरचे नाव विचारा, मग शाळा. जन्मतारखेवर मात्र कोणाच्याच फार विसंबू नका, त्या काळी नाव घालताना बऱ्याचदा मास्तरच तारीख ठरवून मोकळे होत!

या पिढीच्या भाषेविषयीही एक नोंद हवी. घरी मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात हिंदी, आणि तिन्ही चांगल्या. आजच्या आपल्या राज्यातल्याच, पण तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या मुक्तिबोधांच्या घरी १९१७ साली जन्मलेले गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, तर १९२१ चे धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी-समीक्षक. एकाच छपराखाली हे झाले आणि कोणी कोणाला परके म्हटले नाही. तुमच्या ट्रंकेत मोडी लिपीतला हिशेब, देवनागरी पत्र आणि इंग्रजी अर्ज एकत्र सापडले तर तिन्ही जपा.

कामाचे स्वरूप साधे आहे. दाराशी फॉर्म ठेवले आहेत. नाव, माहेरचे नाव, गाव, शाळा, पास झाल्याचे साल, पुढे काय केले, आणि हे सांगणाऱ्याचे नाव. मूळ कागद कोणालाही देऊ नका, मंडळालाही नाही. फोटो काढून द्या. ज्या घरी नव्वदीच्या पुढचे कोणी आहे त्यांनी आजच सांगावे, आमचे दोघे कार्यकर्ते येत्या रविवारपासून तिथूनच सुरुवात करतील.