वसईचा तह आणि बारामतीची वाट



एखाद्या देशात आपसातच लढाई जुंपली, तर बाहेरच्या बलाढ्य राष्ट्रांनी तिथं फौज घालावी का? सीरिया, लिबिया, येमेन, दर दोनचार वर्षांनी हा प्रश्न नव्यानं येतो. चर्चा करणारे बहुतेक वेळा फौज धाडणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोलतात. आमच्या लोणी देवकरच्या, म्हणजे इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्या बाजूनं बोलता येतं. अशी फौज आमच्याच वाटेनं आली होती.

साल 1802. पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव, त्याच्या पाठीशी दौलतराव शिंदे, आणि समोर यशवंतराव होळकर. यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला बाजीरावानं आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. शिवाय पुतण्या खंडेराव कैदेत. होळकराचं म्हणणं, पुतण्या सोडा आणि आमची दौलत आम्हाला द्या. ते कुणी ऐकलं नाही. ऑक्टोबरात होळकराचा सरदार फत्तेसिंग माने यानं बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला आणि 25 तारखेला, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे-पेशव्यांची एकत्र फौज उधळली गेली.

बाजीराव पळाला. सिंहगड, रायगड, महाड, मग समुद्र आणि इंग्रजांच्या जहाजातून वसई. माघारी बोलावणारा होळकरच होता, भांडण घरातच मिटवू म्हणत होता. पण 31 डिसेंबरला बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली. ईस्ट इंडिया कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी काही तंटा निघाला तर निवाडा इंग्रजांनी करायचा, आणि त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या दरबाराशी बोलणी लावायची नाहीत. या कागदात एक कलम मात्र कुठंच नाही: ही फौज परत कधी जाणार?

1803 च्या एप्रिलात ती आली. तिचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. म्हैसूरकडून निघून अकलूजवरून तो बारामतीत पोचला. पुणं जाळलं जाणार अशी आवई उठली, तेव्हा घोडदळ घेऊन बारामतीहून निघाला आणि 32 तासांत साठ मैल तोडून 20 एप्रिलला पुण्यात दाखल झाला. होळकर तोवर निघून गेला होता, लढाई झालीच नाही. 13 मे रोजी बाजीराव गादीवर बसला. इथवरची गोष्ट ऐकली, तर हस्तक्षेप फत्ते झाला असंच कुणीही म्हणेल.

आणि प्रामाणिकपणानं सांगायचं, तर आमच्या भागातल्या कुणब्याला होळकराच्या घोडेस्वारांपेक्षा ती शिस्तीची पलटण बरी वाटली असेल. होळकराच्या फौजेनं आणि पेंढाऱ्यांनी 1802 ला उभी पिकं लुटली होती. पुढच्या वर्षी परतीचा पाऊस हुकला आणि असा दुष्काळ पडला, की माणसं गावं सोडून कोकणात, गुजराथेत गेली. आपसातली लढाई काय करते, हे विसरून परकीय फौजेलाच सगळा दोष देणं मला पटत नाही.

पण पुढचं बघा. ऑगस्टात नगरचा किल्ला, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव. पेशव्याला गादीवर बसवायला आलेली फौज वर्ष संपायच्या आत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी लढून मोकळी झाली. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीला खुद्द बाजीरावाचीच पाळी आली. 1818 ला तो शरण गेला, मुलूख कंपनीचा झाला आणि तो आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला जाऊन बसला. 1835-36 ला गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या धर्तीची जमीन मोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. शेताशेताचा सारा ठरला, तीस वर्षांसाठी. तिसऱ्याला बांधाचं भांडण मिटवायला बोलवावं आणि सातबाऱ्यावर त्याचंच नाव चढावं, तसं झालं.

हे बाजीरावाच्या घरात पहिल्यांदा घडलं असंही नाही. त्याचे वडील राघोबादादा 1775 ला सुरतेत इंग्रजांकडून अडीच हजार फौज मागून बसले होते. दीड लाख रुपये महिन्याला, शिवाय साष्टी आणि वसई. त्या वेळी नाना फडणवीस आणि महादजी शिंदे एकत्र राहिले, 1779 ला वडगावला इंग्रजांनी हात टेकले. तरी 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. हरलेला पाहुणासुद्धा रिकाम्या हातानं गेला नाही.

मग 1971 चं काय, असं कुणीतरी विचारणारच, आणि विचारावंच. पूर्व पाकिस्तानातली लढाई तिथली अंतर्गत होती, पण सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि पुढच्या मार्चमध्ये भारतीय फौज परतली. मी ते धोरण योग्य मानतो, आणि मानण्याचं मोठं कारण तो मार्च महिना आहे. उलट 1987 ला श्रीलंकेत आपण तिथल्या सरकारच्या बोलावण्यावरून गेलो. पण भारत-श्रीलंका करारावर तिथं लढणाऱ्या तमिळ वाघांची सही नव्हती. काही आठवड्यांत आपली शांतिसेनाच त्यांच्याशी लढू लागली. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबरात तिथं पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सुमारे बाराशे जवान गेले. शेवटी तिथल्याच नव्या राष्ट्राध्यक्षांनी जा म्हटलं आणि 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी निघाली.

म्हणून कुणी फौज धाडायची भाषा केली, की मी आधी तीन गोष्टी विचारतो. बोलावणारं सगळं घर आहे की घरातला एक हरलेला भाऊ? खर्च कोण देणार, रोख की मुलखात? आणि परतीची तारीख कुणाच्या हातात? उत्तरं नीट मिळत नसतील, तर फौजेऐवजी आपली माणसं आणायला जहाजं पाठवावीत. 2023 च्या एप्रिलात सुदानमध्ये दोन सेनापतींची जुंपली, तेव्हा तिथल्या साखर कारखान्यात कामाला गेलेली सांगलीकडची माणसंही अडकली होती. भारतानं कुणाचीच बाजू घेतली नाही. पोर्ट सुदानला नौदलाची जहाजं लावली, जेद्दामार्गे साडेतीन हजारांवर लोक घरी आणले आणि जहाजं मागं फिरली.