अंगालगतचा सदरा



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्याने मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा शिरस्ता. यंदा चालकांनी तो मोडला. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. डोंगर चढताना अंगालगत कोणता सदरा घालावा, हा विषय आम्ही कळवला तेव्हा एकदोघांना हसू आले. हा काय व्याख्यानाचा विषय! पण ज्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, अशा पुष्कळ गोष्टी हसण्यावारी जातात. आमच्याही हातून ही एक तशीच गेली होती.

आम्ही पोरवयात सूतगिरणीत लागलो. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवतात. त्या उकाड्यात सुती बनियनने आम्हाला जगवले. शिवाय खानदेशचा माणूस कापसावर वाढलेला. त्यामुळे सुतासारखे कापड नाही, हे आमचे ब्रीदच झाले. काही वर्षांपूर्वी युनियनची पोरे धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेला निघाली, तेव्हा प्रत्येकाला नवा सुती बनियन आम्हीच वाटला, आणि त्यांच्याबरोबर निघालोही.

अस्तंबा आपल्या सातपुड्यातला. उंची १,३२५ मीटर, आणि अश्वत्थाम्याचे ठाणे म्हणून त्याची ख्याती. चढ रात्रीचा. तरुण रक्त धावत सुटले. दोन तासांत बनियन पिळून काढावेत असे झाले. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. माथ्याजवळ वारा सुटला होता, आणि उजाडेपर्यंत थांबायचे होते. आमच्यातला एक पोरगा आधी कुडकुडला, मग त्याची जीभ जड झाली. आम्ही त्याला चहा पाजत राहिलो, धीर देत राहिलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या पावरा यात्रेकरूने मात्र काही न बोलता त्याचा ओला बनियन ओरबाडून काढला, अंग कोरडे पुसले आणि स्वतःची कोरडी चादर त्याला गुंडाळली. अर्ध्या तासाने पोरगा माणसांत आला. तो बनियन आमच्याच हातचा होता, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

परत आल्यावर आम्ही पुस्तके उघडली. घामाचे एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्या उष्णतेत नळाचे आठ लिटर पाणी उकळीला येईल. शिवाय स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे ओले कापड अंगाला चिकटले की ते पांघरूण राहत नाही, उष्णतेची गळती होते.

आता कापडाकडे वळू. सुताच्या व्यापारात वजनाचा हिशेब करताना धाग्यात मुरणारी हवेतली ओल धरतात. कोरड्या शंभर भागांमागे कापसात साडेआठ, लोकरीत जातीप्रमाणे चौदा ते अठरा, आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा भागसुद्धा नाही. कापूस पाणी पितो आणि सोडायला वेळ लावतो. पॉलिएस्टर पीतच नाही. पाणी धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या अंगाला पसरते आणि लवकर वाळते. लोकरीचे नवल असे की ती ओल पोटात घेते, ते करताना थोडी उष्णता सोडते, आणि ओली झाली तरी तिच्या कुरळ्या तंतूंत हवा राहते. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असलेला धनगर हे शास्त्र न वाचता जाणतो. घोंगडीची लोकर जाड, ती अंगाला टोचते. म्हणून तिची जागा बाहेर. अंगालगत मेरिनोसारखी बारीक लोकर लागते.

जाळीचा बनियन म्हणजे हमालाचे कापड, असे आपण समजतो. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातील हेन्रिक ब्रून या अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्याचा असाच बनियन केला. १९५३ साली ज्या ब्रिटिश मोहिमेतून तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, तिच्या सामानात जाळीचे बनियन होते. तिथे धाग्याइतकेच काम भोकांनी केले: कोंडलेली हवा ऊब धरते, आणि घामाला वाट मिळते.

तर निवड कशी करावी? आधी ऋतू पाहा. चैत्रात आपल्याकडून हजारो माणसे सप्तशृंगीला पायी जातात. त्या उन्हात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदराच बरा; त्याचा ओलावा तिथे औषध आहे. थंडीत, वाऱ्यात, पावसात आणि रात्रीच्या चढाला सूत अंगालगत नको. तिथे पातळ लोकर किंवा पॉलिएस्टर, आणि तेही अंगाला बेताने बसणारे. कापड अंगापासून सुटले की घाम उचलला जात नाही. खांद्यावरची शिवण हाताने चाचपून पाहा. पिशवीचा पट्टा तिथेच घासतो, हे हमालाला सांगावे लागत नाही.

पॉलिएस्टरचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याला घामाचा वास धरतो. ते आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. म्हणून शेकोटीशी जपा, आणि वेल्डिंग करणाऱ्या भावांनी ते अंगात घालूच नये. बारीक लोकरीच्या सदऱ्याची किंमत हजारांच्या घरात जाते. रोजंदारीच्या माणसाने तो घ्यावा, असे आम्ही सांगणार नाही. आठवडी बाजारात क्रिकेटच्या पोरांचे जे स्वस्त सदरे मिळतात, तेही हे काम पुष्कळसे करतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा सदरा. माथ्यावर पोहोचताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, बदला. कुडकुडणारा माणूस कुडकुडायचा थांबून बरळू लागला, तर तो बरा झाला नाही, अधिक बिघडला, हे ध्यानात ठेवा.

शेवटी एक घरचे गाऱ्हाणे. आपले सावदे केळीचे गाव. पौषातल्या पहाटे केळीचे घड वाहून, चिकाने आणि घामाने भिजलेला मजूर त्याच सदऱ्यात उघड्या गाडीवर बसून घरी जातो. त्याला अस्तंबा चढावा लागत नाही. त्याचा अस्तंबा रोज त्याच्याकडे येतो. इथे बागाईतदार बसले आहेत, व्यापारी बसले आहेत. माल भरण्याच्या जागी कपडे बदलायला एक आडोसा आणि वाळत घालायला एक दोरी, एवढेच आम्ही मागतो. पगारवाढीची मागणी आम्ही दुसऱ्या व्यासपीठावर करू. ही मागणी एका ओल्या बनियनने आम्हाला शिकवली.