साहाय्यपत्राचे शेवटचे पान
(केलीव्हिल येथील पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्हांस जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो वरकरणी निव्वळ हिशेबाचा आहे. घरातील मुलगी एचएससीची परीक्षा देते, अमेरिकेतील एखाद्या लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजात अर्ज करते आणि मार्चच्या अखेरीस पत्र येते : प्रवेश मिळाला, अमुक हजार डॉलरचे साहाय्य मंजूर. पेढे वाटले जातात, नागपूर-औरंगाबादकडे फोन जातात. पत्रातील पहिला आकडा आजीसुद्धा पाठ म्हणून दाखविते. शेवटचे पान मात्र कोणी वाचत नाही. आम्ही आज त्या शेवटच्या पानाविषयी बोलणार आहोत.

लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. हजार-दोन हजार विद्यार्थ्यांची निवासी संस्था, वर्ग लहान, भर अध्यापनावर, आणि मुख्य विषय पहिल्याच दिवशी ठरविण्याची सक्ती नाही. ऑस्ट्रेलियात हा प्रकार विरळा आहे. आपल्या जवळ टूंगॅबी येथे २००६ साली सुरू झालेले कॅम्पियन हे कॅथलिक परंपरेचे एक कॉलेज आहे, तेवढेच. म्हणून आपली मुले अमेरिकेकडे पाहतात. वैद्यक किंवा संगणक सोडून हे कशाला, असा प्रश्न काही पालकांच्या मनात असेल. त्या वादात आज आम्ही शिरत नाही; इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र वाचूनच आपल्या समाजाचे भाग्य पालटले, एवढेच नमूद करतो.

आपल्या समाजाला मिळालेले सर्वांत मोलाचे साहाय्यपत्र ४ जून १९१३ रोजी बडोद्यात लिहिले गेले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी परमपूज्य बाबासाहेबांस कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, अशी शिष्यवृत्ती दिली. ही रक्कम आपण सर्वांना ठाऊक आहे. त्या करारातील अट मात्र आपण क्वचितच उच्चारतो : शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा. महाराजांच्या औदार्यास यामुळे उणेपणा येत नाही. त्या काळी दुसरे कोणी एवढेही दिले नसते. पण अटीची किंमत रुपयांत लिहिलेली नव्हती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्यास गेले. तेथे कचेरीत शिपाई कागद दुरून फेकीत, आणि राहण्यास घर मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. अट कोणत्या गावी, कोणत्या माणसांत नेऊन सोडणार आहे, हे कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसते.

पुढचे शिक्षण त्यांनी कसे पुरे केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्ज काढले. १९२० साली ते लंडनला परतले व १९२३ साली डी.एस्सी. झाले. (१९ ऑगस्ट २०२४ पासून आपल्या केलीव्हिलची मेट्रोही सिडनहॅमपर्यंत पोहोचली. निव्वळ नावाचा योगायोग. पण आम्हांस त्या फलाटावर उतरताना ते कॉलेज आठवल्यावाचून राहत नाही.)

देणगी, स्वकष्टाची कमाई आणि कर्ज या तिन्ही गोष्टी आजच्या अमेरिकन साहाय्यपत्रात एकाच बेरजेत मांडलेल्या असतात. प्रथम ही बेरीज फोडावी. अनुदान परत करावयाचे नसते. कॅम्पसवरील नोकरीचे पैसे मुलाला मिळवावे लागतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्यास २० तासांहून अधिक काम करता येत नाही, आणि नोकरी मिळाली नाही तर ती रक्कम कागदावरच राहते. अमेरिकन केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज आपल्या मुलांना मिळत नाही. म्हणून पत्रात कर्जाचा उल्लेख असेल, तर ते कोण देणार, व्याज किती आणि जामीन कोण, हे लेखी विचारावे. कमाई आणि कर्ज वजा करून जे उरते, तेच खरे साहाय्य.

आता एक उदाहरण समजा. पहिल्या कॉलेजचा वर्षाचा खर्च ८५,००० डॉलर, अनुदान ६०,०००. दुसऱ्याचा खर्च ६२,०००, गुणवत्ता शिष्यवृत्ती ४०,०००. पहिल्यात घरून २५,००० द्यावे लागतात, दुसऱ्यात २२,०००. कोणीही दुसऱ्याकडे झुकेल. पण पहिल्याचे अनुदान गरजेवर आधारलेले आहे आणि चारही वर्षे गरज पूर्ण करण्याची हमी आहे. दुसऱ्याची शिष्यवृत्ती ४०,००० वर गोठविलेली आहे. दुसऱ्याची फी दरसाल ४ टक्क्यांनी वाढली, तर घरचा वाटा २२,००० वरून २४,४८०, नंतर सुमारे २७,०६० आणि चौथ्या वर्षी सुमारे २९,७४० होतो. चार वर्षांची बेरीज १,०३,००० च्या वर. पहिल्यात उत्पन्न तेच राहिले आणि घरचा वाटा वाढला नाही, तर १,००,०००. शिवाय गुणवत्ता शिष्यवृत्तीस बहुधा किमान गुणांची अट असते. परक्या देशातील पहिल्याच हिवाळ्यात मूल डगमगले तर काय, हा प्रश्न पत्रावर सही करण्यापूर्वी विचारावयाचा आहे.

आणि हे सर्व अमेरिकन डॉलरांत. २०११ च्या जुलैत आपला एक डॉलर सुमारे १ डॉलर १० सेंट अमेरिकन मिळवून देई. मार्च २०२० मध्ये तो काही काळ ६० सेंटच्याही खाली घसरला. चार वर्षांची फी भरणाऱ्याने हा चढउतार गृहीत धरलाच पाहिजे.

गरज कशी मोजतात, यात आपल्या कुटुंबांची मोठी अडचण आहे. पुष्कळ कॉलेजे सीएसएस प्रोफाइल हा अर्ज मागवितात. त्यात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही विचारतात. केलीव्हिलमधील साधे कुटुंबाचे घरही आज दहा लाख डॉलरच्या वर जाते. वीस-पंचवीस वर्षांचे गृहकर्ज डोक्यावर असलेला माणूस कागदावर धनिक दिसतो. काही कॉलेजे घराची किंमत जमेस धरतात, काही मर्यादेपर्यंत धरतात, काही मुळीच धरीत नाहीत. एकाच कुटुंबाला दोन कॉलेजांतून वेगळे आकडे येतात ते बव्हंशी यामुळे. गावाकडे आईवडिलांना दरमहा पाठविलेला पैसा, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार, हे त्या अर्जातील रकान्यांत नीट बसत नाही. विशेष परिस्थिती लिहिण्याची जागा असते, ती मोकळी सोडू नये. साडेअकरा पौंडांतून बाबासाहेबही घरी पैसे धाडीत. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

आलेला आकडा अपुरा असेल तर फेरविचाराची विनंती करता येते. येथे आपली माणसे कचरतात. मागणे म्हणजे हात पसरणे, असे आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुतलेले आहे. परंतु कागदपत्रांसह लिहिलेली विनंती ही याचना नव्हे. साहाय्य कचेरीचे ते नित्याचे काम आहे. मात्र अर्जाच्या वेळी साहाय्य मागितले नाही, तर परदेशी विद्यार्थ्यास ते पुढे मागता येत नाही असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. 'साहाय्य मागितले तर प्रवेश नाकारतील' ही भीती पुष्कळ कॉलेजांबाबत खरीही आहे. अ‍ॅम्हर्स्ट, आणि २०२२ पासून बोडन, ही परदेशी अर्जदारांचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरविणारी थोडी कॉलेजे.

भारतातील नातलग विचारतात म्हणून सांगतो : केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध या नियमात बसला नसता. पैसा देणारा विषयही ठरवू लागतो, हे ऑस्ट्रेलियातही घडले आहे. पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी रॅमसे सेंटरने देऊ केलेला मोठा निधी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने जून २०१८ मध्ये शैक्षणिक स्वायत्ततेच्या प्रश्नावर नाकारला. इतर काही विद्यापीठांनी तो घेतला आणि त्यातून घसघशीत शिष्यवृत्त्या दिल्या जातात. आपल्या मुलाने त्या घेऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. काय वाचावे लागेल ते पाहून घ्याव्यात.

शेवटी, तुलना दोन अमेरिकन पत्रांतच करू नये. तिसरे पत्र आपल्या दारात आहे. मेट्रोने मॅक्वायरीला जाणाऱ्या मुलास घरभाडे नाही. ऑस्ट्रेलियन नागरिकास अनुदानित जागेवर हेक्स-हेल्पचे कर्ज मिळते. त्यास व्याज नाही. पण दर १ जूनला ते महागाई किंवा वेतनवाढ यांपैकी जो दर कमी असेल त्यानुसार वाढते. २०२३ मध्ये ते ७.१ टक्क्यांनी वाढले आणि लोकांनी ओरड केल्यावर २०२४ च्या कायद्याने ती वाढ मागाहून ३.२ वर आणली. २०२५ मध्ये थकीत कर्जांत २० टक्के सूटही मिळाली. तथापि २०२१ पासून मानव्यविद्यांचा विद्यार्थी-वाटा दुपटीहून अधिक झाला. २०२५ मध्ये तो वर्षाला सुमारे १७,००० डॉलर होता. खासगी कॉलेजात फी-हेल्प घेतल्यास पदवीच्या कर्जावर बहुधा २० टक्के शुल्क चढते, हेही ध्यानात असावे.

ज्यांच्याकडे केवळ कायम निवासाचा परवाना आहे, त्यांच्या मुलांना अनुदानित जागा मिळते. हेक्स-हेल्प सहसा मिळत नाही, वाटा रोख भरावा लागतो. नागरिकत्वास पात्र असूनही अर्ज 'पुढच्या वर्षी करू' म्हणून ठेवणारी कुटुंबे आपल्यात आहेत. मूल अकरावीत असतानाच तो अर्ज करावा, कारण सत्राच्या सेन्सस तारखेस नागरिकत्व हाती असावे लागते.

येथील प्रवेशाची पत्रे डिसेंबर-जानेवारीत येतात, अमेरिकेची मार्चअखेर, आणि उत्तर १ मेपर्यंत द्यावयाचे असते. येथील जागा स्वीकारून ती वर्षभर पुढे ढकलता येते का, हे त्या विद्यापीठास आधी विचारावे. पुष्कळ अभ्यासक्रमांत तशी सोय आहे. अमेरिकेचे पत्र येईपर्यंत ती जागा सोडू नये.

आपले प्रश्न असतील ते आता घेतो. जयभीम!