तळ्यातल्या सूक्ष्मजीवांचा आहार

तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यात खाण्याची अखंड धांदल दिसते. तोंड नसलेला अमीबा छद्मपाद, म्हणजे शरीराचे तात्पुरते फाटे, पुढे सरकवून जीवाणूला किंवा शेवाळाच्या कणाला चहूबाजूंनी वेढतो आणि पोटात घेतो.

चपलेच्या तळव्यासारख्या आकाराच्या पॅरामिशियमची व्यवस्था अधिक रेखीव. त्याच्या अंगावर केसांसारख्या हजारो पक्ष्माभिका असतात. मुखाच्या खाचेतल्या पक्ष्माभिका पाण्याचा प्रवाह आत वळवतात, त्याबरोबर आलेले जीवाणू तळाशी साठतात आणि त्यांचा इवलासा फुगा, म्हणजे अन्नरिक्तिका, सुटून पेशीभर फिरू लागतो. हे पचन चक्क डोळ्यांनी पाहता येते. काँगो रेडने रंगवलेले यीस्ट पॅरामिशियमला खाऊ घातले, की रिक्तिकेतले आम्ल वाढताच तांबडे कण निळसर होतात. पुढे आम्लता उतरली, की पुन्हा तांबूस. न पचलेला भाग पेशीच्या ठरावीक जागेतून बाहेर पडतो.

या पॅरामिशियमलाही शिकारी आहे. डायडिनियम नावाचा जीव आपल्याहून मोठे पॅरामिशियम अख्खे गिळतो. रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लपायला जागा नसलेल्या नळीत डायडिनियमने सगळी पॅरामिशियम फस्त केली आणि मग भक्ष्याअभावी तेही संपले.

युग्लीनाची तऱ्हा निराळी. उजेडात तो हरितद्रव्याच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करतो, अंधारात पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ शोषून तग धरतो.