बंबातली आगगाडी

(मंडळाच्या आषाढातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाची चार मंडळी माझ्या घरी आली होती. म्हणाली, "काका, यंदा तुमचं वाफेचं इंजिन मंडपात गणपतीभोवती फिरवू या. पोरं खूश होतील." मी नाही म्हटलं. का नाही, ते नीट सांगितलं नाही, ही माझी चूक. पुढे "काका भाव खातात" असं फिरून माझ्याच कानावर आलं. आज सचिवांनी मला "छंद" या विषयावर बोलायला उभं केलं आहे, पण मी खरं म्हणजे त्या नकाराचा जाब द्यायला उभा आहे. थोडं मागून सुरुवात करतो.

माझे वडील आपल्या छोट्या लाइनवर होते. लागले तेव्हा फायरमन, निवृत्त झाले तेव्हा ड्रायव्हर. लागले तेव्हा ती शिंदे सरकारची रेल्वे होती. 1951 साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली. माधवराव महाराजांनी आधी हौसेखातर राजवाड्यात रूळ टाकले आणि त्यातूनच पुढे भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंतची दोन फुटी लाइन उभी राहिली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं, की त्या काळी लष्करातल्या मराठी घरातून कोणी फायरमन होणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं होतं. कचेरीत कारकून व्हा, शाळेत मास्तर व्हा. पण फावड्याने कोळसा ओढायचा? आमच्या एका आत्याने वडिलांच्या हातचं पाणी घेतलं नाही, कारण नखांत काळं असायचं. वडील त्यावर काही बोलत नसत. त्यांची उजवी भुवई अर्धीच होती. त्याचं कारण पुढे सांगतो.

नोकरीच्या निमित्ताने मी सतरा वर्षं इंग्लंडमध्ये काढली. तिथे लोक आपल्या बागेत रूळ टाकतात आणि त्यांवर खरी, वाफेवर चालणारी छोटी इंजिनं चालवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, म्हातारी माणसं खेळण्याशी खेळतायत. मग एकाने मला मापं समजावली आणि माझी झोप उडाली. तिथे अरुंद गेजच्या गाड्यांसाठी एक प्रमाण रूढ आहे: खऱ्या एका फुटाला सोळा मिलिमीटर. म्हणजे दोन फुटी रूळ बागेत बत्तीस मिलिमीटरचा होतो. दोन फुटी म्हणजे आपलीच छोटी लाइन! आपल्या राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून मद्य आणि सिगार फिरवणारी चांदीची गाडी आहे, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण ती विजेवर चालते. तिला भूक लागत नाही. मला भूक लागणारं इंजिन हवं होतं.

अशी इंजिनं तीन प्रकारे पाणी तापवतात. स्पिरिटच्या वातींनी, ब्युटेन गॅसच्या बर्नरने किंवा दगडी कोळशाने. गॅसचं इंजिन घेतलंत तर दहा मिनिटांत गाडी सुटते आणि हातही काळे होत नाहीत. नवख्याने तेच घ्यावं, आणि हे मी मनापासून सांगतो. कोळशाचं इंजिन म्हणजे घरात लहान मूल. एवढ्याशा भट्टीत कोळसा जळूच शकत नाही, असं मोठमोठे जाणकार शंभर वर्षांपूर्वी म्हणत. 'मॉडेल इंजिनिअर' या इंग्रजी नियतकालिकात 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्यावर मोठा वाद घातला आणि 1920 च्या दशकात आपलं आयेशा नावाचं इंजिन लोकांपुढे चालवून दाखवलं. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच इंच, पोटात खरा कोळसा, आणि मागे बसलेला धडधाकट माणूस ते ओढत होतं. त्यानंतर वाद फारसा उरला नाही.

जाणकारांची शंका मात्र अगदीच खुळी नव्हती. माझं इंजिन खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्श्याचं आहे. लांबी एकोणीस पट कमी झाली की पृष्ठभाग 361 पट कमी होतो, पण आत मावणारं पाणी आणि कोळसा जवळजवळ सात हजार पट कमी होतात. म्हणजे पोट फार लहान आणि त्या मानाने अंग फार मोठं. तान्ह्या मुलाला थंडी लवकर वाजते तसंच हे. मोठ्या इंजिनाची आग दहा मिनिटं दुर्लक्ष सोसते, माझी दोन फेऱ्यांत विझते.

बॉयलर म्हणजे काय, हे आपल्या मंडळींना समजावणं सोपं आहे. आपल्या सगळ्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधून नळकांडं, त्यात पेटता कोळसा, भोवती पाणी. तो बंब आडवा करा, एका टोकाला भट्टीची पेटी बसवा, मधल्या एका नळकांड्याऐवजी पाच-सहा बारीक नळ्या घाला आणि झाकण कायमचं डाखून टाका. झाला इंजिनाचा बॉयलर. फरक एकच, आणि तो जिवाचा फरक आहे. बंबाला तोंड उघडं असतं. बॉयलरचं तोंड बंद असतं.

आता खरेदीबद्दल. इथे मी फसलो, तेव्हा कान देऊन ऐका. हाताने बनवलेलं, कोळशावरचं, बत्तीस मिलिमीटरचं एक जुनं इंजिन मी तिथल्या एका विक्रेत्याकडून फोटो पाहून घेतलं. हिरवा रंग, पितळी घुमट, चकाचक. "बॉयलर नुकताच तपासलेला आहे" असं तोंडी सांगितलं होतं, कागद मात्र "मागून पाठवतो". कागद आला नाही. इंजिन घेऊन मी आमच्या गावच्या क्लबात गेलो. तिथल्या तपासनीस आजोबांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी इंजिन उलटं केलं, भट्टीत आरसा आणि बॅटरी घातली आणि "हं" एवढंच म्हणाले. मग बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरला, सगळी तोंडं बंद केली आणि हातपंपाने दाब चढवायला लागले.

पाण्यानेच का, हवेने का नाही? हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी जोर साठवते. बॉयलर फाटला तर तुकडे उडतात. पाणी दाबलं जात नाही. फाटलं तर एक थेंब बाहेर येतो आणि दाब खाली बसतो. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुपटीने तपासतात, पुढच्या तपासण्या दीडपटीने. माझ्या इंजिनाचा कामाचा दाब चार किलो, म्हणजे सहापर्यंत जायचं होतं. साडेतीनलाच भट्टीच्या कोपऱ्यात घाम आल्यासारखा एक थेंब उभा राहिला. आजोबांनी बोटाने पुसला. परत आला.

कोणीतरी ते इंजिन पाण्याविना तापवलं होतं. भट्टीचं छत नेहमी पाण्याखाली हवं. ते उघडं पडलं की तांबं मऊ होतं, चांदीचा डाख सुटू लागतो. तो कोपरा वरून रंगवून विकलेला होता. नव्या बॉयलरचा खर्च इंजिनाच्या किमतीहून जास्त निघाला. सौ.ने तेव्हा काहीही म्हटलं नाही. चार महिन्यांनी म्हणाली, एका वाक्यात, आणि ते वाक्य मी इथे सांगणार नाही.

नवा बॉयलर मी त्या आजोबांच्या हाताखाली बसून केला. सोनाराच्या कामासारखंच काम, फक्त दागिन्याची भट्टी मोठी. दोन हिवाळे गेले. तेव्हा मोरीत बंब घासणाऱ्या आजीची फार आठवण यायची. चिंच आणि राख. मीही शेवटी तेच वापरलं, लिंबू मिळालं नाही म्हणून व्हिनेगर.

चालवायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. भट्टीत रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशाचे तुकडे घालायचे, धुराड्यावर बॅटरीवरचा छोटा पंखा ठेवायचा, काडी लावायची. पंखा वर ओढतो, आग पकडते. मग ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा असा चाळलेला दगडी कोळसा, मीठ घालायच्या चमच्याने. सहा-सात मिनिटांत काटा हलतो. दीड किलो झालं की पंखा काढून इंजिनाची स्वतःची फुंकणी उघडायची: वाफेची बारीक धार धुराड्यात सुटते आणि आगीला ओढ देते. गाडी चालू असताना सिलिंडरमधून सुटणारी वाफच हे काम करते. थांबलात की ती ओढ थांबते. थांबण्याआधी फुंकणी उघडायला विसरलात, तर आगीला वर जायला वाट नसते आणि ज्वाळ भट्टीच्या दारातून बाहेर येते.

वडिलांची भुवई तशी गेली. सिग्नल नव्हता म्हणून गाडी अचानक थांबवली, फुंकणी उघडायची राहिली, आणि ते नेमके दार उघडून वाकले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं, ते गेल्यावर. माझ्या बागेत माझ्या हाताचे केस जळाले तेव्हा मला ते खरोखर कळलं.

ग्वाल्हेरला परत आलो तेव्हा मागच्या अंगणात कमरेएवढ्या विटांच्या खांबांवर 22 मीटरचा लंबगोल टाकला. इंग्लंडमध्ये गोगलगाई आणि पानं यांचा त्रास, इथे उन्हाचा. माझे रूळ पितळी आहेत. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ते सगळे मिळून दोन सेंटिमीटरहून जास्त वाढतात. पहिल्या उन्हाळ्यात रूळ सापासारखे वळले. आता प्रत्येक जोडात फट ठेवली आहे. पाण्याचंही तसंच. आपल्या बोअरच्या पाण्याने महिन्याभरात बॉयलरला चुना धरेल. मी पावसाचं पाणी साठवतो आणि ते संपलं की एसीतून ठिबकणारं फडक्यातून गाळून घेतो.

कोळसा ही खरी अडचण. आपल्याकडच्या कोळशात राख फार. तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त. मोठ्या वीजकेंद्राचं ठीक आहे, पण काड्यापेटीएवढ्या भट्टीत ती राख दहा मिनिटांत जाळीवर चिकटून बसते आणि आग गुदमरते. आसामचा कोळसा कमी राखेचा, पण गंधक जास्त आणि त्याचे गोळे होतात. सगळे ज्याची स्तुती करतात तो वेल्सचा कोळसा. सामान जहाजाने आलं तेव्हा मी त्यात एक पोतं घातलं होतं. त्यातले आज अकरा किलो उरलेत. मर्थर टिडफिलजवळची मोठी खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली. आता तिथल्या हौशी रेल्वेवाल्यांनाच कोळसा शोधत फिरावं लागतं, मला कोण देणार? मी वेल्सचा आणि लोणारी निम्मा-निम्मा मिसळतो. आजोबांना कळलं तर रागावतील.

आता त्या नकाराकडे येतो. चार किलो दाबाला बॉयलरमधलं पाणी सुमारे दीडशे अंशांवर असतं. दाबामुळे ते पाणी राहतं. वाट मिळाली की त्यातलं काही क्षणात वाफ होतं, आणि वाफ त्याच पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. पाव लिटर पाणी म्हणजे काही तोफ नव्हे, पण तोंडाजवळ वाकलेल्या पोराला ते पुरेसं आहे. त्यात मंडपात कापडी झालर, थर्मोकोलचं मखर आणि ठिणग्या टाकणारं धुराडं.

तरीही मी कदाचित हो म्हटलं असतं. पण बॉयलरची शेवटची तपासणी मी इंग्लंड सोडण्याआधी झालेली होती, आणि त्याला पाच वर्षं उलटली होती. मधल्या काळात मी एकटा बागेत चालवत होतो. धोका होता तो माझा. आपल्याकडे बॉयलरचा कायदा फार पूर्वीपासून आहे. 1863 साली कलकत्त्यात स्फोटात माणसं गेली, तेव्हापासून तपासणी आली, आणि 1923 चा कायदा तर सगळ्या कारखान्यांना माहीत होता; 2025 साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पण पंचवीस लिटरहून लहान बॉयलर त्या कायद्यात बसतच नाही. माझ्या इंजिनाला कोणी इन्स्पेक्टर विचारणार नाही. विचारणारा मीच. आणि मला त्या वर्षी उत्तर देता येत नव्हतं, एवढंच कारण. फोटो पाहून ज्याने मला इंजिन विकलं, त्यानेही "तपासलेला आहे" असंच सांगितलं होतं.

या वर्षी मी हातपंप केला. काटे दोन लावले, एक खोटं बोलला तर दुसरा सांगेल. गेल्या महिन्यात चिरंजीवांना समोर बसवून बॉयलर सहा किलोपर्यंत नेला आणि अर्धा तास तसाच ठेवला. पहिल्या दहा मिनिटांत काटा किंचित खाली आला. माझ्या पोटात गोळा. शोधलं तर गळती पंपाच्या वॉशरमध्ये होती. वॉशर बदलून पुन्हा अर्धा तास. काटा हलला नाही. भट्टीचा कोपरा आरशात कोरडा होता. तारीख, दाब आणि दोघांच्या सह्या एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना मुलं पाठवायची आहेत त्यांनी ती आधी मागून पाहावी, मला राग येणार नाही.

मंडपात मी अजूनही आणणार नाही. पण अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या अंगणात इंजिन पेटवतो. एका वेळी सहा मुलं, सुती कपडे, केस बांधलेले, आणि रुळांपासून हातभर लांब. प्रत्येकाला एक चमचा कोळसा घालायला मिळेल, दार मी उघडल्यावर. नखं काळी होतील, आयांनी साबण पाठवावा. पाऊस असला तर त्याच्या पुढच्या रविवारी.